एकशे पंचेचाळीस सेंटीमीटरचं व्रत

गुरुवारी मी मीठ खात नाही. संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाही. श्रावणी सोमवारी दुपारी बारा वाजेपर्यंत मौन, आणि बारा महिने रोजचा एक नेम: आवाज चढवायचा नाही. हे सगळे नेम मी आजवर बिनतक्रार सांभाळले. पण ज्या एका व्रताने माझा जीव मेटाकुटीला आणला, ते कुठल्याही पोथीत सांगितलेलं नाही. ते एका चोवीस पानी चकचकीत पुस्तिकेत, पान अकरावर आहे. 'मूल एकशे पंचेचाळीस सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्यास बूस्टर सीटवरच बसवावे.'

बूस्टर सीट म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायची एक जाडजूड गादी. लेकरू उंचावर बसतं, म्हणजे गाडीचा पट्टा मानेला न काचता नीट खांद्यावरून येतो. नांदेडच्या माझ्या भावाने ती, त्या पुस्तिकेसकट, उर्वीला दिली तेव्हा उर्वी बोबडं बोलायची. आता ती पाचवीत आहे, माझ्या ओढण्या वापरते आणि बापाच्या बोलण्यातल्या चुका काढते. तरीही आमची गाडी लातुरात कुठेही निघाली की उर्वीची स्वारी मागे डाव्या बाजूला त्या गादीवर, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी चढून बसलेली. कारण पान अकरा. ती पुस्तिका मी पोथ्यांच्या शेजारीच ठेवते, म्हणून उद्धव, म्हणजे आमचे हे, मला चिडवतात, "आज कोणता अध्याय? सुरक्षा की गादी धुण्याची रीत?"

तर त्या बुधवारी उर्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, माझी वक्तृत्व स्पर्धेला निवड झाली. पुढच्या शनिवारी नांदेडला. साक्षीची पण झाली. बाई म्हणाल्या, दोघींना तुमच्याच गाडीतून न्या."

मी आनंदाने देवापुढे साखर ठेवायला उठले.

"थांब," ती म्हणाली. "ती सीट गाडीत असली, तर मी येणार नाही."

"अगं पण..."

"साक्षीनं मला त्याच्यावर बसलेलं बघितलं ना आई, तर मी स्टेजवर तोंड उघडणार नाही. उभी राहीन नुसती. बघ तू."

आणि ही मुलगी बोलल्याप्रमाणे करते. मागे एकदा शेपूची भाजी खाणार नाही म्हणाली होती, त्याला आता चार वर्षं झाली.

एकीकडे लेकीचं भाषण, दुसरीकडे लेकीची मान. आणि मधे दहा दिवस.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय, टेप घ्यावा आणि मोजावी पोरीची उंची. तुम्हाला आमच्या सासूबाई माहीत नाहीत. त्या निलंग्याकडच्या. त्यांच्या मते लेकराच्या अंगाला टेप लावला की वाढ तिथंच थांबते. "शिंपी काय कपड्यालाच लावतो का टेप? त्याची पोरं बघ, समदी बुटकी," असा पुरावाही त्या देतात. शिंप्याच्या पोरांना मी पाहिलेलं नाही, पण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही हाही माझा एक नेमच आहे. आमच्या घरात लेकराचं माप फक्त देवीसाठी निघतं, आणि तेही सुताने. दर वाढदिवसाला उर्वीला भिंतीशी उभी करायची, डोक्यापासून टाचेपर्यंत कच्चं सूत धरायचं, तसे पाच पदर घ्यायचे, मांडीवर पीळ देऊन अंगाएवढी वात करायची आणि रेणापूरच्या रेणुकामातेपुढे लावायची. लेकराचं अंग देवीच्या उजेडात राहतं. मग ती वात लावण्याआधी मी हळूच मोजून घेते. वातीला टेप लावू नये असं सासूबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. यंदा आषाढात वात भरली एकशे एकेचाळीस सेंटीमीटर. माझ्या नेमांच्या वहीत तारखेसकट नोंद आहे.

म्हणजे चार सेंटीमीटर कमी. शाळेच्या आरोग्य कार्डावर वेगळा आकडा होता म्हणा, पण त्या कार्डावर 'उंची ३४, वजन १४६' असं लिहिलेलं. ज्याला माझी मुलगी चौतीस सेंटीमीटर उंच दिसली, त्याच्यावर मी काय विश्वास ठेवणार? देवीपुढची वात खोटं बोलत नाही.

दहा दिवसांत चार सेंटीमीटर कसे वाढवावेत, यावर आमच्या गल्लीत एकमत होईना. मी कुणाला विचारलं नव्हतं. पण सासूबाईंनी फाटकाशी उभं राहून शेजारच्या हणमंतरावांना सांगितलं, आणि हणमंतराव एसटीचे निवृत्त कंडक्टर असल्यामुळे त्यांचा आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत जातो.

हणमंतराव आले, उर्वीला अंगणात उभी केली आणि एक डोळा मिटून तिच्याभोवती फिरले. "ताई, तीस वर्षं अहमदपूर-नांदेड गाडीवर काढली. हाफ तिकिटाचं लेकरू मला लांबून वळखू येतंय. मायबाप मांडीवर घिऊन 'दोनच वर्षाचं हाय' म्हणायचे, अन् त्याला मिशा फुटलेल्या. ही पोरगी हाफ हाय. पण फुलच्या जवळ आली."

"म्हणजे किती सेंटीमीटर, काका?" मी विचारलं.

"सेंटीमीटर महामंडळात न्हाई ताई. हाफ अन् फुल."

उर्वीचा चेहरा असा झाला, की तिला हाफ म्हटल्याबद्दल ती त्यांच्यावर दावा लावेल असं वाटलं. पण हणमंतरावांकडे उपायही होता. लोंबकळणे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास लोंबकळलं की माणूस ताणतो. एसटीत दांडीला धरून उभी राहणारी माणसं उगाच उंच होत नाहीत. दुपारीच ते एक लोखंडी नळी घेऊन आले आणि आमच्या बोळीत, दोन भिंतींच्या मधे, ठोकून बसवली. लेकराआधी मोठ्याने खात्री करावी म्हणून उद्धव स्वतः लोंबकळले. ते जिल्हा परिषदेत आहेत आणि त्यांचं वजन हुद्द्याला साजेसं आहे. नळी खाली आली. नळीबरोबर उजव्या भिंतीचा गिलावा आला. गिलाव्याबरोबर हे आले. मी किंकाळी मारणार होते, पण आवाज न चढवण्याचा नेम आठवला म्हणून फक्त "अगं बाई" म्हणाले. त्यामुळे माझं प्रेम कमी पडलं असा त्यांचा अजूनही समज आहे.

"उंची नाही वाढली," जमिनीवरून ते म्हणाले, "पण मी थोडा रुंद झालोय."

कंबरेला शेक घेत असताना त्यांच्यातला कर्मचारी जागा झाला. "हे बघ विनीता, पुस्तिका काय कायदा नाही. कायदा काय म्हणतो ते सरकारी कचेरीतून लेखी घे. कागद हातात असला की तुझ्या मनाला शांती, पोरीची सुटका."

वाहनांच्या त्या कचेरीचं नाव-गाव मी सांगत नाही. सगळी ओळखीची माणसं आहेत. मी सोमवारी गेले. श्रावणी सोमवार. मौन. मला वाटलं, रांगेत उभं राहायला बोलावं कुठे लागतं? घरूनच चिठ्ठ्या लिहून नेल्या. पहिली: 'मला माहिती हवी आहे.' दुसरी: 'मुलीची उंची १४१ सेंटीमीटर आहे. बूस्टर सीट सोडता येईल का?' तिसरी: 'धन्यवाद. देव आपले भले करो.'

रांग लांब होती. माझ्यापुढच्या दादांना मी पहिली चिठ्ठी दाखवली, फक्त हीच ती रांग ना, एवढं विचारायला. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्या बंद तोंडाकडे पाहिलं आणि हळहळून पुढच्या लोकांना म्हणाले, "ओ, बाईला पुढं जाऊ द्या. मुक्या हाईत बिचाऱ्या."

मी जोरात मान हलवली. नाही, नाही. त्यांना वाटलं, मी संकोचून नको म्हणते आहे. "संकोच करू नगा माय," म्हणत त्यांनी मला दंडाला न धरता, पण दंडाला धरल्यासारखं, थेट खिडकीपाशी नेलं. कुणी खुर्ची दिली. कुणी पाणी दिलं. घड्याळात साडेअकरा. तीस मिनिटांसाठी व्रत मोडावं, की तीस माणसांना फसवल्याचं पाप घ्यावं? देवाने मला इतक्या अवघड प्रश्नाला उभं करायला नको होतं. मी डोळे मिटून जप सुरू केला, तर मागून एक बाई म्हणाल्या, "बघा की, ओठ हलायलेत, पण आवाज येईना."

खिडकीतल्या कारकुनांचं नाव रामलिंग. पन्नाशीचे, कपाळाला भस्म, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मुक्या माणसाला ऐकूही येत नसावं अशा समजुतीने ओरडायला सुरुवात केली. "ताई! कायदा! काय म्हणतो! चौदा वर्षांच्या! आतलं! लेकरू!" प्रत्येक शब्दाला हाताची खूण. चौदासाठी दोनदा बोटं दाखवली, लेकरासाठी हवेत थोपटलं. "पट्टा लावा! न्हाई तर! लेकराची सीट! उंची! सेंटीमीटर! कायद्यात! न्हाई!" मग पट्टा बांधल्याचा अभिनय करताना त्यांच्या कोपराने शिक्क्यांचं खोकं पडलं. शिक्के उचलायला चार माणसं वाकली, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाने बाराचा ठोका दिला.

मी खुर्चीवरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "क्षमा करा दादा. माझं मौन होतं."

मग मागच्या त्या बाई किंचाळल्या, "बोलल्या! बाई बोलल्या की ओ!" एक म्हातारबाबा पुढे आले आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वरच्या वर धरलं तर ते म्हणाले, "माय, कोणता देव? आमच्या नातीला पण जरा अडखळत बोलायला येतंय." मी समजावत होते, ते समजून घेत नव्हते. आजवर माझ्या सौम्य आवाजाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दोघांनी माझा पत्ता लिहून घेतला.

रामलिंगांना राग आला असता तर मी समजू शकले असते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "एकशे एकेचाळीस. डॉक्टरकडं मोजली का?"

"नाही."

"शाळेत?"

"नाही. वातीने."

मला वाटलं, आता हे हसणार. पण त्यांनी पेन खाली ठेवला. "अंगाएवढी वात?"

"हो."

"रेणुकेपुढं?"

"हो. रेणापूरला."

"आमची आई पण लावायची. समद्या भावंडांची." मग एकदम कारकुनी कपाळाला आठी घालून, "पाचपदरी का?"

"पाचपदरी."

"माप सुताला असताना घेतलं, का वात झाल्यावर?"

"वात झाल्यावर. आमच्या सासूबाईंना अंगाला टेप..."

"आन् पीळ?"

"चांगला घट्ट. सैल वात भपकन जळते."

रामलिंगांनी फाइल बांधायच्या सुती दोऱ्याचे पाच सारखे तुकडे कापले. टेबलावर लोखंडी पट्टी ठेवली. पाचही बरोबर तीस सेंटीमीटर. मग एका टोकाला शिक्का ठेवला आणि दुसऱ्या टोकाने, आपल्या आईने मांडीवर दिला असेल तसा, तळव्याने पीळ द्यायला लागले. पीळ चढत गेला, दोरा आखडत गेला. पट्टीवर ठेवला. एकोणतीसपेक्षा थोडा जास्त.

"ताई," ते म्हणाले, "पोरगी कमी न्हाई. वात आखडून राहिली."

माझ्या मागे उभी असलेली सगळी रांग टेबलावर वाकून बघत होती. मघाचे दादा म्हणाले, "म्हंजे पोरगी झाली की ओ मोठी!" आणि कुणीतरी टाळी वाजवली. मी तिसरी चिठ्ठी काढून रामलिंगांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून खिशात ठेवली.

घरी येऊन मी सासूबाईंसमोर सूत ठेवलं. "आई, माप सुतानेच घेते. पीळ देत नाही. टेप फक्त सुताला लावते. लेकराच्या अंगाला नाही."

सासूबाईंनी सूत बोटांत धरून ओढून बघितलं. "सुताला चालतंय," असा निकाल दिला. उर्वी भिंतीशी उभी राहिली, श्वास रोखून. मी सूत धरलं, सासूबाईंनी टाच तपासली, उद्धवांनी कंबर धरत टेप लावला.

एकशे सेहेचाळीस.

पण पान अकरावर आकड्याखाली आणखी बारीक अक्षरं आहेत, आणि व्रत अर्धवट सोडायचं नसतं. गाडी उघडली. पाठ सीटला पूर्ण टेकते? टेकते. गुडघे सीटच्या कडेवरून खाली वळतात? वळतात. पट्टा खांद्याच्या मधोमध? मधोमध. खालचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांवर? मांड्यांवर. आणि पूर्ण प्रवास अशीच बसशील?

"आई," उर्वी म्हणाली, "मुंबईपर्यंत बसते."

मी उद्यापन केल्यासारखं त्या बूस्टर सीटला हळदीकुंकू लावलं. उद्धवांनी ती डिक्कीत, चादरीखाली ठेवली; परत येताना भावाकडे देऊन टाकायची होती. आणि मी उर्वीला शब्द दिला की साक्षीसमोर सीटचं नावही काढणार नाही.

शनिवारी पहाटे निघालो. साक्षी आली तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की ही पोरगी उर्वीपेक्षा वीतभर ठेंगणी आहे. हसरी, चुणचुणीत, पण ठेंगणी. ती मागे बसली, पट्टा लावला, आणि पट्टा बरोबर तिच्या गळ्यावर आला. तिने तो काखेखाली सरकवला. ती पुस्तिकेच्या पान चौदावरची चूक नंबर दोन.

मी पुढे बसले होते. लातूर सुटलं. मी वळून बघितलं. पट्टा काखेखाली. मी 'बाळा, वर घे' म्हणाले. तिने वर घेतला, तो मानेला काचला, तिने खाली घेतला. मी पुन्हा वळले. डिक्कीत सीट आहे. ओठांवर दिलेला शब्द आहे. मौनव्रत इतकं जड मला कधी झालं नव्हतं. मी दर पाच मिनिटांनी इतकी वळत होते की उद्धव म्हणाले, "तुझी पण कंबर धरेल."

अहमदपूरला चहासाठी थांबलो. साक्षीचा चेहरा उतरलेला. "काकू, मला मळमळायलंय. खिडकीतून काहीच दिसंना."

मी नुसतं उर्वीकडे बघितलं, आणि लगेच नजर खाली घेतली, कारण तेही शब्द मोडण्यातच आलं असतं.

उर्वी चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ उभी राहिली. हातात भाषणाचा कागद, गुंडाळून गुंडाळून नळी केलेला. मग ती आली आणि म्हणाली, "बाबा, डिक्की उघडा."

तिने चादर बाजूला केली, सीट काढली, झटकली आणि साक्षीसमोर धरली. हळदीकुंकवासकट.

"ही माझी आहे," उर्वी म्हणाली. "मागच्या आठवड्यापर्यंत मीच बसत होते. तुला हसायचं असलं तर हास आत्ताच. मग बस."

साक्षीने सीटकडे बघितलं. उर्वीकडे बघितलं. "एवढे दिवस लपवून ठेवलीस होय?" ती म्हणाली. "आमच्या घरी नाही असलं काही. मी तर पप्पांच्या गाडीत उशी घेते, ती घसरते." आणि ती चढून बसली. उर्वीने स्वतः तिचा पट्टा ओढून बघितला. "पोटावर नाही. मांडीवर. आणि काखेखाली नाही घालायचा, खांद्यावरून." शब्द माझे होते, आवाज तिचा होता, जरा चढलेला. मी चहाच्या पेल्याआड तोंड लपवलं.

"काकू!" गाडी निघताच साक्षी ओरडली. "याच्यावरून समदं दिसतंय! शेतातले ट्रॅक्टर पण!" नांदेडपर्यंत ती प्रत्येक म्हशीचं वर्णन करत आली. मळमळ लोह्याच्या आधीच कुठेतरी राहिली.

स्पर्धेचं सांगते, थोडक्यात. उर्वी स्टेजवर गेली आणि तिने तोंड उघडलं. कागद खालीच माझ्या मांडीवर राहिला होता, नळी होऊन. तिला तो लागला नाही. निकाल सांगताना परीक्षकबाईंनी पहिलं नाव उर्वीचं घेतलं, आणि त्या शांत सभागृहात कुणीतरी "शाब्बास गं माझी वाघीण!" असं इतक्या जोरात ओरडलं, की पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. मीही मागे वळून बघितलं, कोण असं ओरडलं ते. मागे भिंत होती. त्या आवाजाबद्दल मी पुढचे दोन गुरुवार मीठच काय, तिखटही सोडलं. पण खरं सांगू का, पश्चात्ताप अजून यायचा आहे. साक्षीला तिसरं मिळालं.

सीट भावाला द्यायची राहूनच गेली. परतीच्या वाटेवर साक्षी तिच्यावरच झोपली होती, हातात प्रमाणपत्र. सीट आता साक्षीच्या पप्पांच्या गाडीत असते. सोबत पुस्तिकाही दिली, पान अकराला मोरपीस ठेवून.

रविवारी मी रेणापूरला जाऊन आले. इतकी वर्षं देवीला दर वाढदिवसाला दोन-चार बोटं वात कमी पडली होती, आणि तिने एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्या वर्षांच्या बोटांची मिळून एक जाडसर वात केली, पीळ देऊन झाल्यावर मोजली, आणि लावली. चांगली तेवली.

शनिवारी संध्याकाळचं एक सांगायचं राहिलंच. गाडी दारात थांबली तेव्हा हणमंतराव फाटकाशी उभेच होते. उर्वी मागच्या दारातून स्वतः पट्टा सोडून उतरली, काखेत बक्षिसाची ढाल, पाय थेट जमिनीला. त्यांनी एक डोळा मिटला. तिच्याभोवती पूर्ण एक फेरी मारली. मग एसटी सोडताना घंटेची दोरी ओढावी तसा हात हवेत दोनदा ओढला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"फुल!"